आधी वेळापत्रक मागा
मार्च सरत आला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुट्टीतल्या शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. दहा दिवसांत रोबोटिक्स, अबॅकस, कॅलिग्राफी, वर घोडेस्वारी. मूल विशेष हुशार असेल तर आईबाबांची घालमेल जरा जास्तच. पण अशा मुलाला या भेळेचा फारसा उपयोग नसतो. जरा कुठे गोडी लागते, तोच तास संपतो.

याच्या अगदी उलट प्रकार अमेरिकेत आहे. अर्नॉल्ड रॉस या गणितज्ञाने १९५७ मध्ये सुरू केलेल्या शिबिरात शाळकरी मुलं कित्येक आठवडे एकाच गोष्टीत बुडालेली असतात: पूर्णांक आणि त्यांचे गुणधर्म. रोज नवे प्रश्न, उत्तरं ज्याची त्याने शोधायची. हे कसं, ते घरीच बघा. घड्याळात बारा म्हणजे शून्य धरा. मग तीन चोक शून्य! शून्य नसलेल्या दोन संख्यांचा गुणाकार शून्य कसा? आता सातच आकड्यांचं घड्याळ काढा आणि सात म्हणजे शून्य धरा. कितीही खटपट केली तरी तसं घडत नाही. का, ते सांगू नका. एखादी दुपार जाईल, पण पोरगं आपलं आपण मूळ संख्यांपाशी पोचेल.

पुण्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांच्या आयुका या संशोधन संस्थेने हेच विज्ञानात केलं. शाळकरी मुलांनी सुट्टीत आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करायचं, ठरीव अभ्यासक्रम नाही, शेवटी आपापला अहवाल लिहायचा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातली ऑलिम्पियाड शिबिरं मात्र पैसे भरून मिळत नाहीत. आधी परीक्षांची चाळणी.

म्हणून माहितीपत्रकावरचे फोटो राहू द्या, रोजचं वेळापत्रक मागा. शिकवणार कोण, तेही विचारा. शेवटच्या दिवशी पालकांसमोर जंगी कार्यक्रम असेल, तर निम्मं शिबिर त्याच्या तालमीत गेलं असं समजा. आणि बरोबरची मुलं कोण? वर्गात कायम पहिल्या येणाऱ्याला आपल्याहून चलाख कुणी भेटलं तर मला तरी तेवढ्यावरच फी वसूल वाटते.

निवासी शिबिराचं जरा जपून. दहाव्या वर्षी नववीची गणितं सोडवणाऱ्या मुलालाही रात्री आईची आठवण येते. नाव घालण्याआधी दोन रात्री मावशीकडे एकटं राहून बघू दे.