जळालेला रेझिस्टन्स हा साक्षीदार, गुन्हेगार नव्हे

गिटारचा व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला येतो तेव्हा गिऱ्हाईक बहुधा एकच वाक्य बोलते, "धूर निघाला आणि बंद पडला." मेकॅनिक झाकण उघडतो, काळा पडलेला रेझिस्टन्स दिसतो, तो काढून नवा बसवतो. सेट चालू होतो, पैसे मिळतात. आठ दिवसांनी तोच सेट पुन्हा टेबलावर येतो आणि या खेपेला व्हॉल्व्ह व ट्रान्सफॉर्मरही जळालेला असतो. काही रुपयांच्या रेझिस्टन्सपायी हजारोंचे नुकसान, आणि दुकानाचे नाव खराब होते ते वेगळेच.

आमचा धंदा कापडाचा. पण रविवार पेठेतल्या कापडगंजातून बुधवार पेठेतली तपकीर गल्ली पायी जाण्याजोगी आहे आणि व्हॉल्व्हच्या रेडिओचा शौक आम्हाला शाळेच्या वयापासून आहे. जुन्या उस्ताद मंडळींच्या टेबलाशी बसून जे पाहिले, विचारले आणि स्वतः करून बघितले, ते येथे देत आहोत.

कोणी म्हणेल, व्हॉल्व्हचा जमाना संपला, आता हे कशाला? रेडिओपुरते ते खरे आहे. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले तेव्हा घराघरांतला सेट व्हॉल्व्हचाच होता. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून देशात व्हॉल्व्ह बनवले, पुढे ट्रान्झिस्टर आला आणि पेठांतले कित्येक मेकॅनिक टीव्ही व टेपरेकॉर्डरकडे वळले. परंतु इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला व्हॉल्व्हचा आवाज सुटत नाही. पुण्यात कॉलेजांतून बँड आहेत, २०१० साली एनएच ७ वीकेंडर हा मोठा जलसा याच शहरात सुरू झाला. या मुलांचे सेट लाखाच्या घरातले असतात. ते उघडायला हात कचरणारे मेकॅनिक जास्त आणि उघडून समजून घेणारे थोडे, म्हणून सांगतो की येथे रोजी आहे.

आणि हा हुन्नर कोणा परदेशी इंजिनिअरची मिरासदारी आहे असेही समजू नये. अमेरिकेतल्या लिओ फेंडरने १९३८ साली कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले होते. लंडनचा जिम मार्शल ड्रम विकणारा दुकानदार. १९६२ साली त्याच्या दुकानाचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला तो फेंडरच्या बासमन सेटचा नमुना समोर ठेवून, आणि त्यात मोठा हात दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकचाच होता.

आता कामाकडे वळू. पन्नास वॅटचा, ईएल ३४ या जातीचे दोन पॉवर व्हॉल्व्ह असलेला सेट धरू. आत चारशे ते पाचशे व्होल्ट डीसी असतो. प्लग काढला तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये तो साठून राहतो आणि माणूस मारण्यास पुरेसा असतो. म्हणून झाकण उघडल्यावर पहिले काम मल्टिमीटर लावून तो व्होल्ट पाहणे, आणि मोठ्या वॅटच्या रेझिस्टन्समधून तो हळूहळू उतरवणे. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून उतरवण्याची सवय वाईट, त्याने कंडेन्सरही खराब होतो. चालू सेटमध्ये मोजताना एक हात खिशात ठेवावा.

जळालेल्या रेझिस्टन्सचे रंगाचे पट्टे वाचता येत नाहीत, मग किंमत कळायची कशी? पॉवरचे दोन व्हॉल्व्ह जोडीने काम करतात, म्हणून एका बाजूच्या प्रत्येक भागाचा जुळा भाऊ दुसऱ्या बाजूला असतो. शिंपी फाटक्या बाहीचे माप शाबूत बाहीवरून घेतो तसे करावे. ओहमची किंमत तीच ठेवावी आणि वॅट कमी करू नये.

पण थांबा, नवा रेझिस्टन्स लगेच सेट चालू करण्यासाठी नव्हे. तो जळाला याचा अर्थ त्यातून भलताच करंट गेला. तो मागितला कोणी? बहुतेक वेळा स्क्रीन ग्रिडचा, म्हणजे चार नंबरच्या पिनेवरचा रेझिस्टन्स जळतो, आणि त्याला जाळणारे संशयित दोन-तीनच असतात. एक तर व्हॉल्व्ह आतून शॉर्ट झाला. नाही तर व्हॉल्व्हला आवरून धरणारा उणे व्होल्ट, ज्याला बायस म्हणतात, तो नाहीसा झाला. बायस गेला की व्हॉल्व्हची प्लेट लाल होते. अंधारात पाहिले तर सहज दिसते.

हे तपासण्याची रीत सोपी आहे. पॉवरचे दोन्ही व्हॉल्व्ह काढावेत, सेट चालू करून दोन्ही सॉकेटच्या पाच नंबरच्या पिनेवर उणे व्होल्ट मोजावा. दोन्हीकडे उणे चाळीसच्या आसपास सारखाच आला तर बायस ठीक, संशय व्हॉल्व्हवर. एकीकडे उणे चाळीस आणि दुसरीकडे उणे वीस आला, तर त्या बाजूचा कपलिंग कंडेन्सर गळतो आहे. त्याचे एक टोक सुटे करावे. व्होल्ट जागेवर आला की गुन्हेगार सापडला. हा कंडेन्सर बाहेरून अगदी नवा दिसतो, वास नाही, डाग नाही. कापडात माग बिघडला तर दोष ठाणावर दिसतो, मागावर दिसत नाही, तसेच हे.

तिसरा संशयित सॉकेट. ईएल ३४ ची दोन नंबरची पिन हीटरची आणि तीन नंबरची प्लेटची, दोघी शेजारी. तेथे ठिणगी उडाली की काळी रेघ पडते. कोळसा वीज वाहतो हे लक्षात ठेवावे. ती रेघ स्पिरिटने पुसून भागत नाही, सॉकेट बदलावे. सर्किटचा पुठ्ठा जळाला असेल तर काळा भाग चाकूने पांढऱ्या-पिवळ्या साफ जागेपर्यंत खरवडावा. खोलवर गेला असेल तर तेवढा तुकडा कापून टाकावा आणि जोडणी हवेतून तारेने करावी. दिसायला ओबडधोबड, पण टिकते. ही ठिणगी उडते का? पुष्कळदा सेट स्पीकर न जोडता वाजवला म्हणून. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकरचा भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर व्होल्ट कित्येक पटींनी चढतो. गिऱ्हाइकाला हे विचारल्याशिवाय बिल करू नये, आणि स्पीकरची वायरही तपासावी.

व्हॉल्व्ह परत घालण्याआधी सेट शंभर वॅटच्या बल्बमधून चालवावा. बल्ब सेटच्या मार्गात, म्हणजे सिरीजमध्ये हवा. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि जळाले काहीच नाही. बल्ब तारेचाच पाहिजे, एलईडी येथे कामाचा नाही. तारेचे बल्ब आता शोधावे लागतात, तेव्हा दोन-चार जपून ठेवावेत.

परदेशातून आणलेल्या सेटची मागची पाटी आधी वाचावी. अमेरिकेतला सेट १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टला सरळ लावला की फ्यूज उडतो. फ्यूज उडाला हे नशीब म्हणायचे, कारण पुष्कळ ठिकाणी त्यावर चांदीचा कागद गुंडाळलेला आम्ही पाहिला आहे, आणि मग मेन ट्रान्सफॉर्मरच फ्यूज होतो. तसेच, हम कमी करण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडलेली दिसली तर ती जोडल्याशिवाय सेट परत देऊ नये. गिटारच्या तारा वाजवणाऱ्याच्या हातात आणि माइक तोंडाशी असतो.

मजुरीचा प्रश्न राहतो. तीन तास शोधून शेवटी एक छोटा कंडेन्सर बदलला, तर गिऱ्हाईक विचारते, एवढ्याचे एवढे? म्हणून तपासणीची मजुरी पहिल्याच दिवशी वेगळी सांगावी आणि पावतीवर लिहावी. ईएल ३४ ची जोडी आज स्लोव्हाकिया, रशिया किंवा चीनमधून येते व तिला हजारांत मोजावे लागते. ती गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय बदलू नये. काढलेले भाग पुडीत घालून परत द्यावेत. बायस किती ठेवला, प्लेटवर किती व्होल्ट आहे, कोणता भाग कोणत्या तारखेला बदलला, हे एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी कॅबिनेटच्या आत चिकटवावी. पुढच्या वेळी सेट कोणाच्याही टेबलावर गेला तरी त्याला सुरुवात कोठून करायची ते कळेल.