नंतर बदलता येणार नाही, ते आधी पाहा
कॉलेजची तयारी : लेखांक ५

भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेली आणि तिचा लॅपटॉप थिजायला लागला. अँड्रॉइड स्टुडिओ उघडून एम्युलेटर सुरू केला की माऊसचा बाणसुद्धा हलेना. रॅम ८ जीबी होती. घेताना दुकानदार म्हणाला होता, "आत्ता एवढी पुरे, पुढे वाढवून घ्या." ते आम्हाला पटलंही होतं. दोन वर्षांनी तापकीर गल्लीत एका कारागिराने मागचं झाकण उघडलं, आत नजर टाकली आणि पुन्हा स्क्रू लावायला घेतले. "ताई, यात स्लॉटच नाहीये. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे."

प्रवेशाच्या फेऱ्या संपून घराघरांत लॅपटॉपची चर्चा सुरू होते, तेव्हा मला तो प्रसंग हटकून आठवतो. चार वर्षं टिकणारा लॅपटॉप हवा असेल तर पुढे कोणता भाग बदलता येईल आणि कोणता नाही, हे घेण्याआधी कळायला हवं. जो बदलता येणार नाही, त्यावर पैसे आधी खर्च करावेत.

त्यात पहिला मान रॅमचा. माहितीपत्रकात रॅमपुढे 'एलपीडीडीआर४एक्स' किंवा 'एलपीडीडीआर५' लिहिलेलं असेल, तर ती बहुधा बोर्डालाच जोडलेली असते. नुसतं 'डीडीआर४' किंवा 'डीडीआर५' असेल तर स्लॉट असण्याची शक्यता चांगली, तरी कंपनीच्या साइटवर मॉडेलचा पूर्ण क्रमांक घालून खात्री करावी. काही मशीनमध्ये ८ जीबी सोल्डर केलेली आणि शेजारी एक रिकामा स्लॉट असतो. ती सोय चांगली आहे. स्लॉट नसेल तर १६ जीबीच्या खाली उतरू नये. विंडोज, ब्राउझरचे दहा-पंधरा टॅब आणि एक व्हिडिओ कॉल एवढ्यातच ८ जीबी भरत येतात. रॅम भरली की विंडोज उरलेला माल एसएसडीवर ठेवायला लागतं, आणि एसएसडी कितीही वेगवान असली तरी ती रॅमची बरोबरी करू शकत नाही. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह चालवायचा तर गूगलच किमान १६ जीबी सांगते.

दुसरा प्रोसेसर. इथे लोक आय५ की आय७ एवढंच विचारतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न पिढीचा. २०१७ साली ज्यांनी हौसेने सातव्या पिढीचा आय७ घेतला, त्यांचा लॅपटॉप पदवीपर्यंत चालला आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे धाकट्या भावंडाकडे गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि मायक्रोसॉफ्टने इंटेलसाठी रेघ ओढली ती आठव्या पिढीवर. सातव्या पिढीचे जवळजवळ सगळे आय७ रेघेबाहेर राहिले, आठव्या पिढीचा साधा आय३ मात्र आत आला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबाही थांबला. म्हणून जुन्या साठ्यातला आय७ स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नये.

पिढी ओळखायची कशी? इंटेलच्या आय५-१२३५यू या नावात १२ ही पिढी. शेवटचं 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा आणि 'एच' म्हणजे जास्त जोर लावणारा, पण त्याच प्रमाणात तापणारा. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा पाहायचा. रायझन ५ ७५२०यू नवा वाटतो, पण तिसरा आकडा २ आहे, म्हणजे आतली रचना २०१९ सालची झेन २. त्याच्यासोबत एलपीडीडीआर५ रॅमच चालते, म्हणजे वाढवण्याचा मार्ग तिथेही बहुधा बंद. ७५३०यू मध्ये झेन ३ आहे, ७५४०यू मध्ये झेन ४. एका आकड्यात एवढं अंतर आहे आणि दुकानात ते कुणी सांगत नाही.

स्क्रीनकडेही लोक दुर्लक्ष करतात याचं मला वाईट वाटतं. मुलं तिच्याकडे चार वर्षं रोज तासन्‌तास पाहणार आहेत. उजेड २५० निट्स आणि रंगांची व्याप्ती ४५ टक्के एनटीएससी असं लिहिलेला पॅनेल फिकट दिसतो. खिडकीजवळ बसलं की डोळे ताणावे लागतात. आर्किटेक्चर किंवा डिझाइनच्या मुलांनी १०० टक्के एसआरजीबी मागावाच.

एसएसडीची फार चिंता नको. ५१२ जीबी घ्यावी, ती बहुतेक लॅपटॉपमध्ये नंतर बदलता येते. बॅटरीही बदलता येते, फक्त घेताना तास न विचारता वॉट-अवर विचारावे.

वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच का? मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चरच्या मुलांना सॉलिडवर्क्स, रेव्हिट यांसाठी त्याचा उपयोग आहे. कॉम्प्युटर शाखेच्या बहुतेकांना नाही. मशीन लर्निंगच्या सुरुवातीच्या प्रयोगांना गूगल कोलॅबवर फुकट मिळणारं ग्राफिक्स पुरतं, आणि गेमिंग लॅपटॉपचं ओझं चार वर्षं पाठीवर वाहावं लागतं ते वेगळंच. मॅकबुक टिकाऊ आहे, पण सॉलिडवर्क्स, रेव्हिट आणि कॉमर्सवाल्यांचं टॅलीप्राइम ही तिन्ही विंडोजसाठी बनलेली आहेत. अभ्यासक्रमात काय लागणार हे कॉलेजातल्या वरच्या वर्गातल्या मुलांना विचारून मगच मॅकचा विचार करावा.

यंदा भाचीच्या धाकट्या भावासाठी दुकानात गेलो. विक्रेता बोलत होता तोवर तिने मांडलेल्या मशीनवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली. टास्क मॅनेजर उघडला. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे 'फॉर्म फॅक्टर' या ओळीपुढे 'सोडिम' दिसलं तर रॅम स्लॉटमध्ये आहे, 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर सोल्डर केलेली. पहिल्या दोन मशीनवर 'रो ऑफ चिप्स' निघालं आणि रॅम ८ जीबी. तिने दोन्ही बाजूला ठेवायला सांगितली. तिसऱ्यावर 'सोडिम' होतं, १६ जीबी, आणि वापरलेले स्लॉट दोनपैकी एक.

"मामा, हा बघा," ती म्हणाली, आणि लगेच स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून लॅपटॉप दुकानाच्या दाराशी उन्हात घेऊन गेली.