अद्‌भुत डेम्लो संख्या

केवळ १ हा अंक पुनःपुन्हा लिहून मिळणाऱ्या १, ११, १११, … या पूर्णांकांचे वर्ग. पहिल्या नऊ वर्गांतील (१, १२१, १२३२१, १२३४३२१, …) अंक एकेकाने चढत जाऊन मध्यानंतर त्याच क्रमाने उतरतात. यांपैकी नववी संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी आहे. देवळाली (जि. नाशिक) येथील शाळाशिक्षक व गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी या संख्यांचा अभ्यास केला. जी. आय. पी. रेल्वेवरील डेम्लो (सध्याचे डोंबिवली) या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, त्यावरून हे नाव पडले.

या रचनेचे कारण सोपे आहे. १११ ला १११ ने नेहमीच्या रीतीने गुणताना १११ ही ओळ प्रत्येक वेळी एक स्थान डावीकडे सरकवून तीनदा मांडावी लागते. उभ्या स्तंभांत अनुक्रमे १, २, ३, २, १ इतके एकक येतात व त्यांची बेरीज हाच गुणाकार होय. नऊ एककांपर्यंत कोणत्याही स्तंभाची बेरीज ९ पेक्षा जास्त होत नाही, म्हणून हातचा येत नाही. दहा एकक घेतल्यास मधल्या स्तंभात १० येऊन हातचा पुढे जातो व वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा होऊन क्रम मोडतो.

नवव्या संख्येतील अंकांची बेरीज ८१ असून त्या संख्येला ८१ ने निःशेष भाग जातो (भागाकार १५२४१५७८९९७१०४१). स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येस कापरेकरांनी ‘हर्षद संख्या’ असे नाव दिले. पहिल्या नऊ डेम्लो संख्यांपैकी पहिली, तिसरी व नववी याच हर्षद संख्या आहेत. कारण क्रमांक न असता अंकांची बेरीज न × न असते आणि न एककांच्या संख्येला न ने भाग जाणे केवळ या तीन ठिकाणी घडते.

वरील गुणधर्म लेखनपद्धतीवर अवलंबून आहेत. अष्टमान पद्धतीत चढउताराचा हा क्रम सात एककांपर्यंतच टिकतो. अवयव मात्र कोणत्याही पद्धतीत तेच राहतात. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असल्याने तिच्या वर्गात ३ हा अवयव चार वेळा, तर ३७ व ३३३६६७ हे प्रत्येकी दोन वेळा येतात; म्हणून नवव्या संख्येचे एकूण ५ × ३ × ३ = ४५ विभाजक आहेत.

अशा अभ्यासाला मनोरंजन मानून व्यावसायिक गणितज्ञांनी दीर्घकाळ त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकात कापरेकरांच्या कार्याविषयी लिहिले व ते जगभर परिचित झाले. या सोप्या संख्यांतून अवघड प्रश्नही निघतात. २, १९, २३, ३१७ व १,०३१ एककांच्या संख्या अविभाज्य असल्याचे सिद्ध झाले आहे. पण अशा अविभाज्य संख्या अनंत आहेत किंवा कसे, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.