तान्ह्या बाळाची झोप

“काय गुणी पोर आहे हो! कधी रडलेलं म्हणून ऐकू आलं नाही.” ओटीवर निजलेल्या बाळाकडे पाहून शेजारीण असे म्हणते आणि आईला बरे वाटते. न रडणारे, पडून राहणारे मूल म्हणजे शहाणे मूल, अशी आपली समजूत. पण मंडळी, मुलाला असे शहाणे करणारी गोळी एके काळी दुकानात विकत मिळत असे. तिचे नाव बाळगोळी. आजीच्या, पणजीच्या तोंडून तुम्ही ते ऐकले असेल. तिच्यातला मुख्य जिन्नस होता अफू.

मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो बाया कामाला जात. दहा-दहा तास आई गिरणीत, आणि मूल चाळीतल्या खोलीत. पाहायला कोणी नाही. मग सकाळी गोळी दुधात उगाळून चाटवायची आणि कामावर जायचे. खेड्यातही सुगीच्या दिवसांत याहून वेगळे नव्हते. मजुरांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटले कमिशनने १९३१ साली आपला अहवाल दिला, त्यातसुद्धा तान्ह्या मुलांना अफू देण्याच्या या चालीचा उल्लेख आहे. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासाहून अधिक बाया कामाला असतील तेथे पाळणाघर ठेवणे सक्तीचे केले. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हे सांगणे मात्र कठीण.

अफूने येते ती झोप नव्हे, गुंगी. हा फरक नीट ध्यानात घ्या, कारण आजच्या बोलण्याचे सारे मर्म त्यातच आहे. झोपलेले बाळ भूक लागली की जागे होते. गुंगीतले बाळ भूक लागूनही जागे होत नाही. ते दूध मागत नाही, म्हणून अंगी लागत नाही. त्याचे पोट साफ होत नाही. आणि मेंदूतले जे ठिकाण श्वास चालू ठेवते, तेच अफूने मंदावते. मात्रा थोडी जास्त झाली की श्वास आणखी सावकाश होतो, आणि एखाद्या वेळी थांबतो. बाळ ‘झोपेतच गेले’ असे मग घरची माणसे सांगत.

अफूवर कडक कायदा १९८५ साली झाला. पण मुलाला काहीतरी चाटवून निजवायची सवय गेली नाही, तिने रूप तेवढे बदलले. आता सर्दी-खोकल्याची बाटली घरोघरी असते. “हे दिलं की रात्री शांत झोपतं,” म्हणून सर्दी नसतानाही एक चमचा दिला जातो. या बाटल्यांतल्या कित्येक औषधांनी सुस्ती येते हे खरे, पण तीही गुंगीच. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन ही दोन औषधे एकत्र असलेले मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्राच्या औषध-नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. लेबल वाचता येत नसेल तर गावातल्या आशाताईंना किंवा गुरुजींना दाखवा. वाचून घ्यायला लाज कसली?

दुसरे जायफळ. गुटी उगाळताना जायफळाचा एखादा वेढा देतात, आणि मूल रडके असले की वेढे वाढतात. जायफळ जास्त झाले तर छाती धडधडते, भान हरपते, झटकेही येऊ शकतात. तान्ह्याच्या बाबतीत ‘जास्त’ कुठे सुरू होते, हे सहाणेवर मोजता येत नाही. मी गुटीला हात घातला म्हणजे आजीबाई रागावणार, हे मला ठाऊक आहे. पण पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. आणि मध तर वर्ष पुरे होईपर्यंत बोटालाही लावू नका. मधात कधीकधी अशा जंतूंची बीजे असतात की तान्ह्याच्या आतड्यात ती रुजतात आणि बाळाचे अंग लुळे पडते.

तर मग करायचे काय? आधी बाळाची झोप असते कशी, ते पाहू.

पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास झोपते. चार महिन्यांपासून वर्षापर्यंत १२ ते १६ तास, पुढे दोन वर्षांचे होईतो ११ ते १४ तास, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. यात दुपारची झोप धरलेली आहे. म्हणजे तान्हे बाळ झोपत नाही ही तक्रार बहुधा खरी नसते. ते झोपते पुष्कळ, पण तुकड्यातुकड्यांनी, आणि आपल्या सोयीने नाही. पोट लहान, दूध लवकर पचणारे. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा त्याला पाजावे लागते. रात्री उठणे ही त्याची खोड नव्हे, गरज आहे.

आणखी एक गंमत आहे. तान्ह्याची जवळजवळ निम्मी झोप चुळबुळीची असते. पापणीखाली बुबुळे हलतात, हातपाय उडतात, ते कण्हते, मध्येच हसते. सटवाई हसवते असे आपल्या आया म्हणत. या वेळी बाळ झोपेतच असते, पण आपल्याला वाटते जागे झाले. आपण त्याला झटकन उचलतो आणि खरोखरच जागे करतो. म्हणून कण्हण्याचा आवाज आला तर जरा दम धरा. अर्धा-एक मिनिट नुसते पाहा. पुष्कळदा ते पुन्हा निवांत होते. खरोखर भुकेले असेल तर मूठ चोखू लागेल, मान फिरवून स्तन शोधील. मग रडेपर्यंत थांबवू नका.

दिवस कोणता आणि रात्र कोणती, हे जन्मल्या बाळाला कळत नाही. शरीरातले घड्याळ लागायला दोन-तीन महिने जातात, आणि ते उजेडाने लागते. म्हणून दिवसा बाळाला अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवू नका. सकाळच्या उजेडात, ओसरीवर, माणसांच्या बोलण्यात राहू द्या. भांडी वाजली, कोंबडा आरवला तरी चालेल. रात्री मात्र दिवा मंद, बोलणे हळू. पाजायला उठलात तर पाजा, ओले दुपटे बदला आणि पुन्हा निजवा, खेळ नको. आईच्या रात्रीच्या दुधात मेलाटोनिन नावाचा झोपेचा रस उतरतो, दिवसाच्या दुधात तो जवळजवळ नसतो. बाटलीच्या दुधात ही सोय कोठून येणार?

पाजूनही बाळ रडतच राहिले, तर त्याला उचलून छातीशी धरा आणि अंगणात फेऱ्या घाला. ही आपली जुनीच रीत. जपानातल्या रिकेन या संस्थेतील संशोधकांनी २०२२ साली ती मोजून पाहिली. रडत्या बाळाला घेऊन पाच मिनिटे न थांबता सपाट जागेवर चालले की बाळे शांत होत, काही तर झोपीच जात. गोम पुढेच आहे. झोप लागताच खाली ठेवले तर कित्येक जागी होतात, कारण आईच्या अंगापासून सुटताना बाळाचे काळीज धडधडू लागते. पण झोप लागल्यावर पाच ते आठ मिनिटे बाळाला तसेच धरून बसून राहिले आणि मग निजवले, तर झोप सहसा मोडत नाही. पाच मिनिटे चाला, आठ मिनिटे बसा. हे बाबाला जमते, आजोबांनाही जमते.

रोज संध्याकाळी ठराविक क्रम ठेवा: कोमट पाण्याने अंग पुसणे, हलक्या हाताने तेल चोळणे, पाजणे, एखादी अंगाई. गळा चांगला नसला तरी चालतो. बाळाला आईचा आवाज पोटात असल्यापासून ओळखीचा असतो. रोज तेच त्याच क्रमाने घडले की काही आठवड्यांत बाळ त्यावरून ओळखते की आता निजायचे. न्हाऊ घातल्यावर धुरी मात्र देऊ नका. धूप असो की ओवा, त्या धुराने बाळाची छाती बिघडते. आणि दारे लावून खोलीत शेगडी ठेवणे तर फारच धोक्याचे. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

निजवायचे कुठे आणि कसे? उताणे. पालथे नको, कुशीवर नको. १९९१ साली न्यूझीलंड व ब्रिटनमध्ये आणि १९९४ साली अमेरिकेत बाळांना उताणे निजवण्याचा मोठा प्रचार झाला, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याच्या आसपास आली. अंथरूण सपाट व घट्ट असावे. तोंडाशी मऊ गोधडी नको, डोक्याखाली उशी नको, मोहरीचीसुद्धा नको. दुपट्यात गुंडाळाल तर पाय मोकळे ठेवा. पाय सरळ ताणून आवळले तर खुब्याचा सांधा बिघडू शकतो. बाळ कुशीला वळू लागले की गुंडाळणे बंद. मच्छरदाणी जरूर लावा.

ऊसतोडीला गेलेली आई झाडाला साडीची झोळी बांधते. तिला दुसरा उपाय नसतो, तेव्हा झोळी बांधूच नका असे मी म्हणत नाही. पण झोळीत लहान बाळ वाकडे होते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट आवळते. झोका देऊन शांत झाले की सावलीत सपाट जागी काढून ठेवावे, आणि कोणाचे तरी लक्ष असावे. आई बाळाला शेजारी घेऊन निजते तेथे बापाने दारू पिऊन किंवा विडी ओढून बाळाजवळ झोपू नये. हे स्पष्ट सांगितलेले बरे.

आता थोडे मोठ्या मुलांचे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला संध्याकाळी बशीभर चहा देणारी घरे मी कितीतरी पाहिली आहेत, आणि तीच माणसे विचारतात, “हा अकरापर्यंत जागा का?” चहातले कॅफिन लहान अंगात बराच वेळ राहते. बंद करा. निजण्याआधी तासभर मोबाइल व टीव्हीही बंद. “झोप, नाहीतर बागुलबुवा येईल,” असे म्हणू नका. भ्यालेल्या मुलाला झोप कशी येईल?

मूल रात्री सारखे उठते, खाजवते, दात खाते, असे असेल तर अंगावर खरूज आहे का ते पाहा. गुदद्वाराशी खाज असेल तर बारीक जंत असण्याचा संभव. ते रात्रीच त्रास देतात. अंगणवाडीत व शाळेत जंताची गोळी देतात, ती चुकवू नका. तोंड उघडे ठेवून मोठ्याने घोरणारे मूल दिवसा पेंगते. त्याचे नाक-घसा डॉक्टरांना दाखवा.

येथे शिक्षकांना एक विनंती. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्री ९ ते १२ तास झोप लागते. वर्गात पेंगणारा मुलगा दिसला तर छडी उचलण्याआधी त्याला जवळ बोलावून विचारा: रात्री कधी निजलास, कुठे निजलास, घरात काय चालले होते? उत्तर ऐकून पुष्कळदा पालकांशीच बोलावे लागेल.

आणि घरच्या मंडळींनो, आईला दिवसातून एकदा तरी दीड-दोन तास सलग झोपू द्या. बाळ निजले की “आता धुणं उरकून घे,” असे सांगण्याऐवजी धुणे कोणीतरी दुसऱ्याने उरकावे. थकून डोळे मिटू लागलेली बाईच शेवटी एखाद्या रात्री बाटलीतला चमचा बाळाच्या तोंडाला लावते.

नेहमी रडणारे बाळ एकाएकी गप्प झाले, पाजायला घेतले तरी जागे होईना, ओढीना, अंग तापले किंवा गार पडले, श्वास घेताना छाती आत ओढू लागली, झटके आले, तर ते गुणी झाले असे समजू नका. उजाडण्याची वाट पाहू नका. १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवा आणि बाळाला दवाखान्यात न्या. कोणी काही चाटवले असेल तर ती बाटली, ती पुडी बरोबर न्या आणि डॉक्टरांना न लाजता सांगा.