चोडणची खारफुटी

रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेट लागते. त्याच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. सुमारे १.८ चौरस किलोमीटरचे हे खारफुटीचे रान १९८८ साली अभयारण्य झाले.

इथल्या चिखलात प्राणवायू कमी, म्हणून झाडांची श्वसनमुळे जमिनीबाहेर डोकावतात. ओहोटीला निवटी मासे चिखलावर उड्या मारतात, खेकडे बिळांतून बाहेर येतात. खंड्या आणि बगळे टपूनच असतात. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षीही उतरतात.

याच मुळांच्या आडोशाला कोळंबी आणि माशांची पिल्ले वाढतात. खारफुटी तुटली, तर पक्ष्यांबरोबर आपल्या ताटातले हुमणही उणे होईल. मुलांना हे रान अवश्य दाखवा. मात्र प्लास्टिक तिथे टाकू नका.