लांब पल्ल्याच्या सायकलीसाठी क्लिपलेस पेडल आणि बूट

क्लिपलेस पेडलमध्ये बुटाच्या तळाची क्लीट स्प्रिंगच्या खोबणीत अडकते. टाच बाहेर वळवली की सुटते. तीन स्क्रूंची रोड क्लीट तळाबाहेर येते, त्यामुळे चालताना पाय घसरतो. शिमानो कंपनीची 1990 मध्ये आलेली एसपीडी क्लीट दोन स्क्रूंची, लहान असते. ती बुटाच्या जाड रबरी तळाच्या खाचेत बसत असल्याने चालणे सोपे जाते. बदलापूरहून चामटोलीमार्गे कर्जतकडे जाताना चहासाठी थांबायचे किंवा चिखलात उतरायचे, तर या क्लीटची आणि बुटाची जोडी सोयीची. दोन्ही बाजूंनी अडकणारे पेडल घ्यावे. नवशिक्याने स्प्रिंगचा ताण कमी ठेवावा आणि रहदारीत जाण्यापूर्वी मोकळ्या जागी पाय सोडवण्याचा सराव करावा.