ख्रिस्ती अंतिम आशा

ख्रिस्ती अंतिम आशा म्हणजे जगाच्या इतिहासाचा शेवट अन्यायात किंवा शून्यात न होता परमेश्वराच्या न्यायात आणि सृष्टीच्या नवीकरणात होईल, हा ख्रिस्ती धर्मातील विश्वास होय. येशू ख्रिस्ताचे द्वितीय आगमन, मृतांचे पुनरुत्थान, अंतिम न्याय आणि नवे आकाश व नवी पृथ्वी ही या विश्वासाची चार प्रमुख अंगे मानली जातात. निकिया (३२५) आणि कॉन्स्टँटिनोपल (३८१) येथील धर्मपरिषदांतून सिद्ध झालेल्या विश्वासांगीकारात ख्रिस्त जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यासाठी पुन्हा येईल, असे नमूद आहे. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट हे तिन्ही मुख्य प्रवाह ते मान्य करतात.

'आशा' हा शब्द

मराठी वाचकाला येथे प्रथम शब्दापाशीच थांबावे लागते. संतवाङ्मयात आशा ही बहुधा तृष्णेची बहीण आहे. ती जिवाला बांधून ठेवते आणि ती सुटल्यावाचून शांती नाही. 'आशाळभूत', 'वेडी आशा' यांसारख्या बोलीतील प्रयोगांतही हीच छटा उतरली आहे. ख्रिस्ती परिभाषेत मात्र विश्वास, आशा आणि प्रीती हे तीन सद्गुण मानले जातात. तेथे आशा म्हणजे इच्छा नव्हे, तर दिलेल्या वचनावर विसंबून केलेली प्रतीक्षा. मराठी ख्रिस्ती लेखनात 'जिवंत आशा' असा विशेषणयुक्त प्रयोग वारंवार आढळतो, त्याचे एक कारण हा भेद असावा.

'न्याय' या शब्दाचीही अशीच अडचण आहे. बायबलच्या मूळ भाषांत नीतीने वागणे आणि न्याय करणे या कल्पना एकमेकींत गुंफलेल्या आहेत. मराठी बायबलमध्ये त्यांपैकी एकीसाठी 'नीतिमत्त्व' हा शब्द रूढ झाला. त्यामुळे ज्या वचनांत पीडितांना मिळणाऱ्या न्यायाचा अर्थ आहे, तेथे वाचकाला अनेकदा केवळ व्यक्तिगत सदाचरणाचा बोध होतो. तसेच न्यायाचा दिवस म्हटला की आरोपीच्या पिंजऱ्यातील भय आठवते. परंतु ज्याचे शेत बळकावले गेले, त्याच्या दृष्टीने न्यायाधीशाचे येणे ही आनंदाची वार्ता असते. स्तोत्रसंहितेतील काही स्तोत्रांत परमेश्वर न्याय करण्यास येत आहे म्हणून रानातील झाडेही हर्ष करतात, ते याच अर्थाने.

बायबलमधील आधार

जुन्या करारात या विचाराची वाढ हळूहळू झाली. आमोस आणि यशया या संदेष्ट्यांनी गरिबांना नाडणाऱ्यांना 'परमेश्वराच्या दिवसा'चा इशारा दिला. बाबेलच्या बंदिवासात यहेज्केलाने सुक्या हाडांत प्राण भरल्याचा दृष्टान्त सांगितला; तो मुळात पराभूत राष्ट्राच्या पुनरुज्जीवनाविषयी आहे. मृत व्यक्तींच्या उठण्याचा स्पष्ट उल्लेख दानीएलाच्या बाराव्या अध्यायात येतो. सत्याने वागणारेच मारले जात असतील तर देवाचा न्याय कोठे आहे, हा प्रश्न त्यामागे होता. पुनरुत्थानाची कल्पना अमरत्वाच्या हव्यासातून नव्हे, तर या प्रश्नातून बळावली, असे अनेक अभ्यासक मानतात.

नव्या करारात देवाचे राज्य आलेले आहे आणि तरीही यावयाचे आहे, अशी दुहेरी भाषा आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाची कसोटी म्हणून भुकेल्यास अन्न, उघड्यास वस्त्र आणि कैद्याची भेट अशा गोष्टी विचारल्या जातात. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात देहाच्या पुनरुत्थानाचे विवेचन केले, तर रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रसववेदनांनी कण्हणाऱ्या संपूर्ण सृष्टीला या आशेत सामावून घेतले. 'सर्व गोष्टींची पुनःस्थापना' हा शब्दप्रयोग प्रेषितांच्या कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायातील आहे. प्रकटीकरणाच्या अखेरीस माणसे वर स्वर्गात जात नाहीत. नगरी खाली पृथ्वीवर उतरते. आत्म्याने देह टाकून निघून जाणे हेच ख्रिस्ती आशेचे स्वरूप, हा सर्वत्र पसरलेला समज या चित्राशी जुळत नाही.

मतभेद

तिसऱ्या शतकातील ओरिजेन याने अखेरीस सर्व जीव देवाशी समेट पावतील, असा विचार मांडला. सहाव्या शतकात त्याच्या नावाशी निगडित मतांचा निषेध झाला, तरी हा विचार पुनःपुन्हा डोके वर काढत राहिला. प्रकटीकरणातील सहस्र वर्षांचे राज्य शब्दशः घ्यावे की रूपकात्मक, हा दुसरा जुना वाद. ऑगस्टीनने रूपकात्मक अर्थ स्वीकारला आणि पाश्चात्त्य चर्चमध्ये तोच प्रबळ ठरला. मृत्यूनंतर शुद्धिस्थानात आत्म्यांचे शोधन होते हे कॅथलिक मत प्रॉटेस्टंट पंथांनी नाकारले. द्वितीय आगमनाची तारीख काढण्याचे उद्योग अनेक शतके चालले आणि सगळे फसले. त्यांची यादी येथे देण्याचे प्रयोजन नाही.

मराठी प्रदेशातील परंपरा

इंग्लंडमधून १५७९ मध्ये गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द योजलेला आहे. परका विचार ओळखीच्या शब्दांतून सांगण्याची ही रीत पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांच्या अभंगांत पूर्णत्वाला पोहोचली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, 'देवाचा दरबार' ही कल्पना पुढे आणली. देवाचे राज्य मेल्यावर गाठायचे ठिकाण नसून येथेच जगायची बंधुता आहे, ही जाणीव तिच्यात होती.

मात्र मराठी भूमीत या आशेची सर्वांत खडतर परीक्षा झाली ती पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या आयुष्यात. १८७० च्या दशकातील दुष्काळाच्या भटकंतीत आई, वडील आणि थोरली बहीण, १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती असे एकामागून एक मृत्यू त्यांनी पाहिले. धर्मग्रंथांचे परस्परांत कितीही मतभेद असले तरी स्त्री ही पापी आणि तिला पुरुषाप्रमाणे मोक्ष नाही, याविषयी आपल्याला त्यांत एकवाक्यता दिसली, असे त्यांनी आत्मनिवेदनात सांगितले आहे. अंतिम न्यायाचा प्रश्न त्यांच्यासाठी तात्त्विक नव्हता. ज्या न्यायासनासमोर स्त्रीचा दावा दाखलच होत नाही, तेथे तिने कोणती आशा धरावी, असा तो होता. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही तेथील धर्मोपदेशकांशी त्या सिद्धान्तांवरून वाद घालत राहिल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१८९६ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आणल्या. या वसाहतीला 'मुक्ती' हे नाव मिळाले आणि १९०० च्या सुमारास तेथे सुमारे दोन हजार स्त्रिया व मुले राहत होती. १९०५ मध्ये तेथे आध्यात्मिक संजीवनाची लाट आली. जगभरच्या पेंटेकॉस्टल वर्तुळांत अशा घटनांकडे शेवटच्या काळाची चिन्हे म्हणून पाहिले गेले. केडगावात मात्र त्या काळातही विहिरी, शेती, विणकाम आणि छापखाना चालूच राहिला. शेवट जवळ आला असे मानणारे लोक हात जोडून बसतात, या आक्षेपाला याहून चांगले उत्तर क्वचितच मिळेल. हिब्रू व ग्रीक भाषांतून केलेले रमाबाईंचे मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या छपाईचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले.

महात्मा जोतीराव फुले ख्रिस्ती झाले नाहीत, परंतु 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथात त्यांनी येशूकडे बळीराजाच्या रूपात पाहिले. 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' ही बलिप्रतिपदेची प्रार्थना मराठी घराघरांत म्हटली जाते, आणि हिरावलेले न्यायाचे राज्य परत येईल ही तिच्यातील आस ख्रिस्ती आशेला सर्वांत जवळची आहे. फरक असा की बळी दरवर्षी येतो आणि परत जातो; ख्रिस्ती श्रद्धेत आगमन एकदाच आणि कायमचे आहे. कर्मसिद्धान्ताशी तुलना केल्यास वेगळा भेद दिसतो. तेथे फळ नियमाने मिळते, येथे निवाडा करणारा स्वतः अन्यायाने मारला गेलेला आहे.

मराठी ख्रिस्ती दफनभूमींवरही या विश्वासाची छाप आहे. मृत्यूला निद्रा म्हणण्याची प्रथा त्यातूनच आली. दफनभूमीसाठीच्या ग्रीक शब्दाचा अर्थही 'झोपण्याची जागा' असाच आहे. वसईतील कॅथलिक कुटुंबे २ नोव्हेंबरला मृतात्म्यांच्या दिवशी थडग्यांवर फुले वाहतात आणि मेणबत्त्या लावतात. काही प्रॉटेस्टंट मंडळ्या ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत उपासना करतात.

टीका आणि आधुनिक विचार

परलोकातील न्यायाचे आश्वासन इहलोकातील अन्याय सोसायला लावते, ही कार्ल मार्क्सची टीका सर्वश्रुत आहे. ती निराधार नाही. गुलामांना आणि अस्पृश्यांना स्वर्गाकडे बोट दाखवून गप्प बसवल्याची उदाहरणे ख्रिस्ती इतिहासात आहेत. युर्गेन मोल्टमान यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आशेच्या ईश्वरशास्त्रात याचे उत्तर शोधले. त्यांच्या मते खरी आशा माणसाला आहे त्या परिस्थितीशी समाधानाने राहू देत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या आशेविषयीच्या विश्वपत्रात न्यायाचा प्रश्न हाच शाश्वत जीवनावरील विश्वासाचा सर्वांत प्रबळ आधार असल्याचे प्रतिपादन केले.

भारतात हा प्रश्न जातीपाशी येऊन थांबतो. महाराष्ट्रातील ईश्वरविज्ञ अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूर येथील व्याख्यानातून शूद्रांच्या अनुभवावर उभे राहणारे ईश्वरशास्त्र मागितले. दलित ईश्वरशास्त्राचा आरंभ तेथून मानला जातो. अहमदनगर आणि मराठवाड्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतील आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता मर्यादित होता. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती दलित मात्र बाहेरच राहिले. चर्चमध्येही जातीचे बाक वेगळे असल्याच्या तक्रारी त्यांनी केल्या आहेत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'हरित वसई' चळवळीतून जमीन आणि पाणी वाचवण्याचा लढा उभारला. २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या 'सुबोध बायबल'मुळे प्रकटीकरणातील नव्या पृथ्वीचे ते वर्णन ख्रिस्तेतर मराठी वाचकांपर्यंतही आजच्या भाषेत पोहोचले.